दहा बावन्न ते अकरा दहा

हत्ती करड्या रंगाचा होता, मुठीत मावेल एवढा, आणि तो कुशच्या गाडीत पुढच्या सीटवर बसला होता. जिथं एरवी आसावरी बसते, तिथं.

आठ महिन्यांच्या आन्याला मागच्या कार सीटमध्ये घालून, पट्टे दोनदा ओढून बघून आसावरी पुढे आली आणि दार उघडून तशीच उभी राहिली.

"हा कुणाचा?"

"केयानं दिला," कुश म्हणाला.

"केया कोण?"

"ज्युरीवर आहे ना माझ्याबरोबर. सांगितलं होतं मी."

सांगितलं नव्हतं. कोण काय बोललं हे आसावरी विसरत नसे. आन्या किती वाजता झोपली, किती दूध प्यायली, कधी शिंकली, हे सगळं ती एका निळ्या वहीत लिहून ठेवायची. नवऱ्याच्या तोंडून एका बाईचं नाव आलं असतं तर ते वहीशिवायही लक्षात राहिलं असतं. तिनं हत्ती उचलून मागे टाकला. सिग्नलला गाडी थांबली तसा कुशनं मागे हात लांबवला आणि हत्ती परत पुढे, डॅशबोर्डवर आणून ठेवला.

"राहू दे तिथेच."

"का पण?"

"आसा, I can't. खरंच नाही सांगता येणार."

मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

गोष्ट मागच्या वर्षीच्या मे महिन्यातली. कुशला काउंटीच्या कोर्टातून ग्रँड ज्युरीचं बोलावणं आलं होतं. कुणावर मोठा गुन्हा दाखल करून खटला चालवायचा की नाही, हे एकोणीस साध्या नागरिकांनी बंद दाराआड बसून ठरवायचं असतं. आत आरोपीचा वकील नसतो, बघे नसतात, पत्रकार नसतात. आणि आत ऐकलेलं बाहेर कुणालाही सांगायचं नाही, अशी शपथ असते. बायकोलाही नाही. शपथ मोडली तर तोच गुन्हा.

कुश जन्मला सॅन होजेत, वाढला सांता क्लारात. त्याला हे सगळं शाळेपासून ठाऊक. आसावरी नागपूरची, मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी., लग्न होऊन इथं आलेली. तिला अजून या देशात मत देता येत नव्हतं, मग ज्युरी तर लांबच. नवरा रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून अशा खोलीत जातो जिथं तिला कधीच जाता येणार नाही, याचंच तिला आधी हसू यायचं. मग त्या खोलीत केया निघाली.

तीन आठवडे कुशनं मिठाची गुळणी धरली. घरी यायचा, हात धुवायचा आणि आन्याला उचलून घ्यायचा तो सोडायचाच नाही. जेवायचा नाही नीट. कधी मधेच बाथरूममध्ये नळ सोडून उभा राहायचा. आसावरीनं आधी लाडानं विचारलं, मग रागानं. रागावली की तिचं नागपूर बाहेर यायचं.

"काऊन सांगत नाहीस रे? मी काय पेपरात छापणार आहे का?"

एरवी या 'काऊन'वर तो हसून लोळायचा. तेव्हा हसला नाही.

आणि मग ते मेसेज सुरू झाले. रोज, ऑफिसच्या दिवशी, सकाळी बरोबर नऊ चाळीसला. 'आन्या कुठे आहे?' घरी आहे म्हणून कळवलं की अंगठा. बागेत आहे म्हटलं की 'तुझ्याबरोबर ना?' आणि पुन्हा अंगठा. एकदा मुद्दामच उत्तर दिलं नाही, तर चार मिनिटांत फोन.

शेजारच्या बिल्डिंगमधली दीपा पुण्याची, तोंडाची सडेतोड. तिला दाखवलं.

"तू घरी आहेस की नाही याची खात्री करून घेतोय तुझा नवरा," दीपा म्हणाली. मग आसावरीचा चेहरा बघून, "गंमत केली गं!"

"रोज नऊ चाळीसलाच का पण?"

"मला काय माहीत! आमच्या ह्यांना बोलावलं होतं ज्युरीला, तर दोन दिवसांत परत पाठवलं. इतके बोलतात. तुझा मिळाला बघ त्यांना गप्प बसणारा. आणि ती केया, ती पण मराठीच? म्हणजे कोर्टात मराठी मंडळच भरलंय म्हण की."

दीपाची गंमत दीपापाशी राहिली, आसावरीच्या घशात मात्र काटा अडकला.

केया तिला दिसली ऑगस्टमधल्या एका पॉटलकला, जिथं प्रत्येकानं घरून एक पदार्थ आणायचा असतो. उंच, केस कापलेले, इथंच जन्मलेली, लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट. "तू आसावरी! आणि ही आन्या! ओ माय गॉड, finally." तिनं आन्याकडे असं पाहिलं, की जणू कुणीतरी हरवलेलं सापडलं आहे. मग मान वर करून कुशकडे बघितलं. कुशनंही बघितलं. बस, एवढंच. पण आसावरीनं लग्नाच्या चार वर्षांत कुशशी अशी न बोलता नजर कधी मिळवली होती, ते तिला आठवेना. त्यांच्याकडे एक कुलूपबंद पेटी होती, किल्ली दोघांकडे होती, आणि आपण बाहेर वाटी-चमचे पुसत उभ्या.

तेव्हापासून केया दिसो न दिसो, घरात असायची. कुशला उशीर झाला की केया. फोनकडे बघून हसला की केया. गाडीत बसायला गेलं की पुढच्या सीटवर हत्ती आहेच.

खटला कुठला, हे तिनं शोधून काढलं होतं. दिवस जुळवले. ज्युरी संपली त्याच आठवड्यात बातमी आली होती: घरातच पाळणाघर चालवणाऱ्या एका बाईवर ग्रँड ज्युरीनं आरोप निश्चित केले, तिच्या ताब्यात असताना एक बाळ दगावलं होतं. कसं, कुठं, ते छापलं नव्हतं. कॅलिफोर्नियात ग्रँड ज्युरीपुढची साक्ष एरवी काही दिवसांत लोकांना वाचायला खुली होते. इथं मात्र, पुढच्या खटल्यावर परिणाम होईल म्हणून न्यायाधीशांनी सगळी नोंद सील केली होती. आसावरीनं हेही शोधलं. त्या पेटीत एक मेलेलं बाळ आहे, हे तिच्या डोक्यात शिरतच नव्हतं. तिला तिथं दोन जिवंत माणसंच दिसत.

फेब्रुवारीत पाळणाघरवालीनं गुन्हा कबूल केला. खटला उभाच राहिला नाही. आणि एका स्थानिक वर्तमानपत्रानं कोर्टात अर्ज टाकला: आता सील काढा. त्या पाळणाघराविरुद्ध आधी तक्रारी होत्या म्हणतात, लोकांना कळू द्या.

त्याच संध्याकाळी आसावरीनं कुशला सांगितलं. भाजी चिरता चिरता, त्याच्याकडे न बघता.

"मी नागपूरची तिकिटं काढलीत. माझं आणि आन्याचं. बावीस मार्च."

"किती दिवस?"

"परतीची तारीख टाकली नाहीये."

"असं का?"

"तुझ्या खोलीत काय झालं ते तू सांगत नाहीस. कोर्टानं उघडलं तर मी वाचीन. मग ठरवीन."

"त्यात काही नाहीये, आसा, जे तू शोधतेयस."

"मी काय शोधतेय ते तुला बरं माहीत?"

सुनावणी मार्चच्या पहिल्या आठवड्यात होती, सर्वांसाठी खुली. आसावरी कुशला न सांगता गेली. दीपाला दवाखान्यात जायचं होतं, म्हणून आन्याला स्ट्रोलरमध्ये घालून बरोबर नेलं. कोर्टरूमच्या बाहेर, बाकांच्या रांगेत, आन्यानं पाय झाडून बूट उडवला. आसावरी वाकायच्या आत समोरच्या बाईनं तो उचलला. तिशीची असेल, निळा स्वेटर, नखं मुळापर्यंत खाल्लेली. ती स्ट्रोलरपुढे गुडघ्यावर बसली, आन्याची टाच अंगठ्यानं धरून बूट चढवला आणि चिकटपट्टी दाबली. सराईत हात.

"How old?"

"अठरा महिने," आसावरी इंग्रजीत म्हणाली. "तुम्हाला आहे?"

बाई उठली. "मी आत जाते हं," म्हणाली आणि गेली.

आत कळलं, ती त्या बाळाची आई.

वर्तमानपत्राचा वकील बोलला, लोकांच्या हक्काबद्दल. सरकारी वकिलांनी हरकत घेतली नाही. मग न्यायाधीशांनी त्या आईला विचारलं. ती उभी राहिली, कागद हातात होता पण बघितला नाही.

"त्या सकाळी मी काय केलं आणि काय केलं नाही, ते सगळं त्यात आहे," ती म्हणाली. "मी ते एकदा सांगितलं. एकोणीस माणसांना. त्यांनी ते कुठंही बोलायचं नाही असं मला सांगितलं होतं, म्हणून मी सांगू शकले. आता ते कुणीही चहा पिता पिता वाचणार का?"

कोर्टात सगळे खाली बघू लागले. आसावरीही. तिला वाटलं उठावं, आन्याला घेऊन बाहेर जावं, तिकीट फाडावं. असं वाटण्याच्या खालोखाल, तितक्याच जोरानं, दुसरंही वाटत होतं: उघडा. देवा, उघडायला सांग त्यांना. तिला स्वतःची शिसारी आली. पण ती जागची हलली नाही.

न्यायाधीश म्हणाले, विचार करून आदेश देतो. नऊ दिवसांनी आदेश निघाला. बाळाचं नाव आणि फोटो झाकून बाकी नोंद उघडावी. खटला संपल्यावर ती बंद ठेवायला कायद्यात आधार उरत नाही.

सतरा मार्चला, आन्याला दीपाकडे सोडून, आसावरी कोर्टाच्या रेकॉर्ड ऑफिसात गेली. काउंटरवरच्या माणसानं केस नंबर लिहून घेतला आणि कोपऱ्यातला कॉम्प्युटर दाखवला. "सहाशे बारा पानं आहेत," तो म्हणाला. "पाणी हवं तर बाहेर आहे."

तिनं आधी 'कुश' शोधलं. नाही. 'केया'. नाही. आडनावं घातली. नाही. ज्युरीतल्या कुणाचंही नाव त्यात नव्हतं. प्रश्न विचारला असेल तर नुसतं 'एक ज्युरर'. आणि शेवटी, एकोणीस जण आपसात बोलले तिथं, एकच ओळ: चर्चेची नोंद केलेली नाही. दहा महिने ती ज्याची वाट बघत होती, ते तिथं नव्हतंच. आत बोललेलं सगळं लिहिलं जातं असं धरून चालली होती ती. स्वतःच्या निळ्या वहीसारखं.

मग, आलोच आहोत तर, म्हणून तिनं वाचायला घेतलं.

पाळणाघरवाली सकाळी व्हॅन घेऊन घरोघरची मुलं आणायला जायची. त्या दिवशी पाच मुलं होती. व्हॅन नऊ चाळीसला अंगणात लागली. चार मुलं उतरली. पाचवं सगळ्यात मागे होतं आणि झोपलं होतं. ते बंद व्हॅनमध्ये, उन्हात, तसंच राहिलं.

नऊ चाळीस.

आसावरीनं खुर्ची पुढे ओढली.

आईची साक्ष चौऱ्याऐंशीव्या पानावर सुरू होत होती. वकील विचारत होते, ती सांगत होती. 'व्हॅन रोज नऊ चाळीसला पोचायची. मी रोज तेव्हा मेसेज करायचे, पोचला का. त्या दिवशी ऑफिसात मीटिंग होती. मी केला नाही. मला वाटलं, पोचतोच की रोज.' पुढची ओळ: 'मी विचारलं असतं तर तिनं मागे वळून बघितलं असतं.'

त्याच्या खाली:

'एक ज्युरर: सॉरी. मला एक मिनिट हवंय. सॉरी.'

'(विश्रांती, १०:५२ ते ११:१०)'

दोनदा सॉरी. एकदा आधी आणि एकदा नंतर. या पृथ्वीतलावर असं दोनदा सॉरी म्हणणारा माणूस आसावरीच्या ओळखीचा एकच होता. तिनं टेबलावर पालथा हात ठेवला आणि ती ओळ पुन्हा वाचली.

एकशे तिसाव्या पानावर बालसुरक्षेच्या एक तज्ज्ञ बाई होत्या. आणखी कुणा ज्युररनं विचारलं होतं, घरच्या माणसांना करता येईल असं काही आहे का? बाई म्हणाल्या, अगदी साधं आहे. एक खेळणं घ्या. कार सीट रिकामी असेल तेव्हा ते तिच्यात ठेवा. बाळ बसवलं की खेळणं उचलून पुढे ठेवा, डोळ्यांसमोर. खेळणं पुढे आहे म्हणजे बाळ मागे आहे.

म्हणजे तो हत्ती तिच्या जागेवर नव्हता बसला. तो आन्या मागे आहे हा निरोप देत बसला होता.

पानांच्या प्रती मागायचं तिला सुचलं नाही. तिनं पर्समधून निळी वही काढली आणि आन्याच्या झोपांच्या नोंदींपुढच्या कोऱ्या पानावर त्या ओळी हातानं उतरवल्या.

घरी आली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. कुश लवकर आला होता, आन्याला दीपाकडून घेऊन जमिनीवर ठोकळे मांडत बसला होता. ती पर्सही न ठेवता समोर बसली.

"मी वाचून आले."

त्याच्या हातातला ठोकळा तसाच राहिला. "आसा, मला अजूनही काही—"

"तू बोलू नकोस. मी वाचते, तू ऐक. ऐकायला तर बंदी नाही ना?"

तिनं वाचलं. व्हॅन, नऊ चाळीस, आई, मीटिंग. कुशनं मान हलवली नाही, हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. शपथेचा पक्का. पण 'मी विचारलं असतं तर' आलं तेव्हा त्यानं आन्याला उचलून मांडीवर घेतलं, आणि ती ठोकळ्यासाठी वळवळायला लागली तरी सोडलं नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो ते पुसतही नव्हता.

"मी त्या आईला भेटले," आसावरी म्हणाली. "तिनं आन्याला बूट घातला. ती नको म्हणत होती, कुणी वाचू नये म्हणून. आणि मी वाचलं. कशासाठी वाचलं, ते तुला सांगायची लाज वाटते."

"मला माहितेय कशासाठी."

"मग इतके दिवस..."

"काय बोलणार होतो? तू एकच गोष्ट विचारत होतीस, आणि तेवढीच नेमकी सांगता येत नव्हती. Messages थांबवायला पाहिजे होते. I tried. नऊ पस्तीस झाले की माझं पोट दुखायला लागतं."

आन्यानं त्याच्या नाकाला ठोकळा लावला. तो हसला, तसाच ओल्या तोंडानं. आसावरीला त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं, आणि ती पडणारही होती. पण वही अजून मांडीवर उघडी होती आणि बोट त्या कंसातल्या ओळीवर होतं.

"दहा बावन्न ते अकरा दहा," ती म्हणाली. "अठरा मिनिटं. याची नोंद नाही. हे सांगता येतं?"

कुशनं बराच विचार केला. शपथेत ही अठरा मिनिटं येतात की नाही याचा तो प्रामाणिकपणे हिशेब लावतोय, हे तिला दिसत होतं.

"कुणी काय साक्ष दिली ते नाही सांगत मी," तो म्हणाला. "एक माणूस बाहेर गेला आणि त्याला उलटी झाली. एवढंच."

"आणि?"

"आणि केयानं पाणी आणून दिलं."

"कशात?"

"कशात म्हणजे? पेपर कपमध्ये."

"किती वेळा?"

"आसा!"

"किती वेळा, विचारतेय."

"दोनदा." मग, खरं बोलायची सवय असल्यासारखा, "पाठीवरून हात पण फिरवला. बाकी सगळे होतेच तिथे."

आसावरीनं वही मिटली. आत जाऊन फोन घेतला, तिकिटाचं पान उघडलं आणि परतीच्या रिकाम्या चौकोनात तारीख भरली: वीस एप्रिल. आईला महिनाभर तरी नात बघू दे. मग, तवा गरम आहे तोवर, केयाला मेसेज टाकला. 'तो हत्ती कुठून घेतलास? मला माझ्या गाडीसाठी हवाय.'

उत्तर लगेच आलं. 'आसावरी!! So glad you asked. तेव्हा एकदम एकोणीस घेतले होते, सगळ्या ज्युरर्सना एक एक. तुला उद्याच आणून देते.'

एकोणीस. प्रत्येकाच्या गाडीत एक एक. आसावरी पलंगाच्या कडेला बसून हसली, एकटीच, तोंडावर हात धरून. दहा महिने मी एका घाऊक हत्तीवर जळत होते तर. बाहेरून आन्याच्या ओरडण्याचा आणि कुशच्या तिच्यामागे रांगण्याचा आवाज येत होता.

हसू ओसरल्यावर जे उरलं ते तिनं नीट तपासून पाहिलं, दुधाचं भांडं हुंगून बघावं तसं. हत्ती एकोणीस होते. पाणी एकालाच दिलं होतं. आणि द्यायला हवंच होतं कुणीतरी. मी नव्हते तिथं, मला येऊ दिलं नसतं. हे तिला कळत होतं. कळून घशातला काटा जाईलच असं नाही, हेही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुश ऑफिसला गेला. आसावरी आन्याला मऊ भात भरवत होती आणि घड्याळाकडे बघत होती. नऊ अडतीस. नऊ एकोणचाळीस. तिनं खरकटा हात नॅपकिनला पुसला आणि त्याच्या आधी मेसेज केला.

'आन्या माझ्याजवळ आहे. भात खातेय. तू पाणी पी.'

अंगठा आला नाही. फोन आला.